आरपार दगड

तुमच्या हातात एक नोटीस आहे. तुम्ही सभासद आहात त्या पतसंस्थेची. वार्षिक सर्वसाधारण सभा, ३० सप्टेंबर, सकाळी अकरा वाजता. खाली विषयपत्रिका आणि पहिला विषय वर्षानुवर्षं तोच: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ दरवर्षी ही नोटीस तुम्ही घडी घालून रद्दीत ठेवता. सभेला गेलात तरी मागच्या रांगेत बसता. पुढं कुणीतरी विषयाचा क्रमांक पुकारतं, ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होतो आणि अहवालाचं पहिलं पान उलटायच्या आत पंगती बसतात.

आज ती नोटीस खिशात घालून तुम्ही तेरला आला आहात. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या काठचं गाव. लामतुरे संग्रहालयात काचेमागची हस्तिदंताची बाहुली बघता. इटलीत पाँपेईच्या राखेत सापडलेल्या मूर्तीशी तिचं नातं सांगतात. मग बाहेर पडून त्रिविक्रम मंदिराच्या जुन्या विटांवर हात टेकता. विटा उन्हानं तापल्या आहेत. डोळे मिटता. नोटिशीतला एकच शब्द मनात घोळत राहतो: वाचून.

डोळे उघडता तेव्हा या गावाचं नाव तगर आहे.

नदीकाठी बैलगाड्या जुंपल्या जात आहेत. गाड्यांत कापडाचे गठ्ठे आहेत, जाडंभरडं आणि तलमही. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात येतं, असं ‘पेरिप्लस’ या ग्रीक वर्णनात लिहून ठेवलं आहे. आता तुम्ही त्यातल्याच एका गाडीवर बसला आहात. दिवसांमागून दिवस जातात. अंग धुळीनं माखतं. तुमची गाडी गोवर्धनला थांबते. आजचं नाशिक जवळच.

तिथं निगमसभा भरली आहे. व्यापारी, कारागीर, विणकर दाटीवाटीनं बसले आहेत आणि एक माणूस मोठ्यानं वाचतो आहे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं ३,००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून दिले आहेत. ठेवले कुणाकडं? विणकरांच्या श्रेणीकडं, म्हणजे संघाकडं. एका श्रेणीकडं २,०००, दर महिना दर शेकडा एक या व्याजानं. दुसरीकडं १,०००, दर शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण मिळतील.

तुम्ही बोटांवर हिशेब करता. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस, वर्षाचं दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. नाण्याला नाणं जुळतं. शेजारी बसलेल्या विणकराच्या ओठांची हालचाल बघता. तोही मनात हेच मोजतो आहे. त्याला लिहिता येत नसेल, पण ऐकलेली बेरीज त्याला कळते.

ही गोष्ट पुढं दगडात कोरली गेली. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात आजही ती आहे, आणि शेवटी स्पष्ट म्हटलं आहे की हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं. राजाच्या जावयाचा पैसा, तोही विणकरांच्या हाती! एकटा विणकर आज आहे, उद्या नसेल. श्रेणी टिकते, कारण तिचा शब्द चारचौघांत उच्चारलेला असतो आणि शब्द देणाऱ्याइतकाच घेणाराही त्यानं बांधला जातो. उषवदातालाही आता ते तीन हजार परत मागता येणार नाहीत. सगळ्यांनी ऐकलं आहे.

वाचणारा थांबतो. शांततेत दुरून आवाज येतो: थप, थप, थप.

तुम्ही पुन्हा तेरमध्ये आहात, पण शतकं उलटली आहेत. तेराव्या शतकाची अखेर. कुंभाराच्या अंगणात गाडगी-मडकी उन्हाला मांडली आहेत. गोरोबाकाका थापटणं हातात घेऊन उभे आहेत आणि समोर संतांचा मेळा बसला आहे. परंपरेनं सांगितलेली ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली आहे. आता तिच्या आत बसला आहात. मुक्ताबाई विचारते, हे काय? काका सांगतात, याच्यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आम्हालाही पारखा, ती म्हणते. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं टेकवत येतात. ज्ञानदेव बसून राहतात. बाकीचेही. नामदेव मात्र चिडतात आणि काका म्हणतात, हे मडकं कच्चं.

तुम्हाला नामदेवांची बाजू घ्यावीशी वाटते. पंढरपुरात ज्याच्याशी देव बोलतो, त्याला भर मेळ्यात कच्चं म्हणायचं? पण जरा निरखून बघा. थापटणं एकच आहे आणि ते सगळ्यांच्या डोक्यावर पडलं आहे, ज्ञानदेवांच्याही. पारख लपूनछपून झालेली नाही. दोष सांगणाऱ्यानं नामदेवांना मेळ्यातून उठवून लावलेलं नाही. आणि रागावलेले नामदेव पुढं विसोबा खेचरांकडं जाऊन शिकले, याच मेळ्यातले मोठे झाले. चूक हुडकणं फारसं अवघड नसतं. चूक चारचौघांत निघाल्यावरही माणूस आपल्यातच राहील, शिकेल आणि वाढेल, अशी जागा राखणं अवघड. गोरोबाकाकांच्या अंगणात ती जागा होती.

तेर मागं पडतं. पुढची जागा या जिल्ह्याबाहेरची आहे, पण तिथं गेल्याशिवाय ही वाट पुरी होत नाही.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजारपेठेत धूर आहे. लोक सावकारांच्या घरांतून वह्या, रोखे, कर्जखतं बाहेर ओढून काढत आहेत आणि रस्त्यात पेटवत आहेत. तुम्ही घाबरून बाजूला होता, पण लवकरच ध्यानात येतं की त्यांना हवे आहेत ते कागद. खतं हाती दिली तिथं बहुतेक ठिकाणी माणसाच्या अंगाला हात लागत नाही.

एक अर्धवट जळलेलं पान वाऱ्यानं तुमच्या पायाशी येतं. त्यावर अक्षर आहे, आकडे आहेत आणि खाली काळी निशाणी. निशाणी करणाऱ्याला वर काय लिहिलंय ते कधी कुणी ऐकवलं नाही. किती घेतले, किती फेडले, किती उरले, हे त्याला दुसऱ्याच्या वहीतून आणि दुसऱ्याच्याच तोंडून कळायचं. ही वहीसुद्धा हिशेबाचीच होती. पण गोवर्धनच्या सभेत सगळ्यांनी मिळून मोजलं होतं. इथं एकानं मोजलं आणि दुसऱ्यानं निशाणी केली. जी वही वाचून दाखवली जात नाही, तिच्यावर शेवटी कुणाचाच विश्वास उरत नाही, आणि मग तिला आग लागते.

त्या धुरातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा निघाला: खत गावच्या निबंधकासमोर व्हावं, पैसे फेडले की पावती मिळावी, हिशेब द्यावा लागावा. पुढं १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. वर्षं आता वेगानं सरकतात. १९५० मध्ये नगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहतो. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले आहेत आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष म्हणून शेतकऱ्यांच्या शेजारी बसले आहेत. तुमच्या जिल्ह्यातही तेरणा नदीच्या नावानं ढोकीला कारखान्याचं धुराडं उभं राहतं. उसाला भाव, पोराला नोकरी, गावाला रस्ता अशी स्वप्नं त्या धुराड्याभोवती वाढतात. मग तेच धुराडं कित्येक हंगाम थंड पडतं. ते थंड धुराडं बघताना कुणा एकाकडं बोट दाखवण्याआधी तुम्हाला स्वतःचा आवाज आठवतो. अशाच एखाद्या सभेत मागच्या रांगेतून तुम्हीही म्हणाला होतात, मंजूर.

तो शब्द कानात असतानाच जमीन हलते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. कालच गणपती बोळवून लोक दमून झोपले आहेत. तुम्ही सास्तूरमध्ये आहात. आज हे गाव लोहारा तालुक्यात येतं. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी फार लांब नाही. जमिनीच्या पोटातून गडगडाट येतो आणि काही क्षणांत गाव मातीचा ढीग होतं. दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं या एका पहाटेनं नेली. तुम्ही काही बोलू शकत नाही. दिवस उजाडतो आणि लोक हातांनी दगड उपसू लागतात. तुम्हीही उपसता.

आठवड्यांनी, पत्र्याच्या शेडमध्ये राहताना, एक गोष्ट तुम्हाला कळते. इथल्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या होत्या. त्या पडतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण ती जाडी फसवी होती. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा पदर, मध्ये माती आणि गोटे. दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवणारं काहीच नव्हतं. वर माळवदाचा, मातीच्या सपाट छपराचा, प्रचंड भार. हादरा बसला तसे दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले, एक बाहेर कोसळला, एक आत, आणि माळवद खाली आलं. ज्या भिंतींत बाहेरून आतपर्यंत पोचणारे लांब दगड होते, त्या तग धरण्याची शक्यता जास्त होती. भिंतीला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवणारा आरपार दगड.

पुनर्वसन सुरू होतं. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरतात. घराचं माप जमिनीवरून ठरतं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्यावरच्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. मरणानं कुणाचा सातबारा पाहिला नव्हता, मदतीनं मात्र पाहिला. बाकीच्या गावांत आहे तिथंच घरं दुरुस्त आणि मजबूत करायची आहेत. पैसा हप्त्यानं मिळणार, काम तपासलं की पुढचा हप्ता. जागतिक बँकेचं कर्ज आहे, सरकारचे आदेश आहेत, अभियंते आहेत. इकडं शेडमध्ये आपली माणसं गमावलेली बाई बसली आहे. तिच्यापर्यंत यातलं काय पोचतं?

इथंही भिंतीचे दोन पदर तुम्हाला दिसतात. एक कागदांचा, एक माणसांचा. मध्ये माती.

तेव्हा प्रेमा गोपालन आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या त्यांच्या संस्थेनं गावातल्या बायकांनाच पुढं आणलं. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हटलं गेलं. बाराशेहून अधिक गावांत दुरुस्तीच्या कामात लोकांचा सहभाग त्यांच्यामुळं उभा राहिला. अशा एका गावच्या पारावर तुम्ही बसला आहात. पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई हातात यादी घेऊन उभी आहे. आवाज थोडा कापतो आहे. ती नावं वाचते: कुणाला किती मदत मंजूर, कितवा हप्ता आला, काम कुठवर आलं. एक म्हातारा म्हणतो, “आता बायकांनी आमाला घर बांधायला शिकवायचं व्हय?” ती उत्तर देत नाही, पुढचं नाव वाचते. मागून दुसरी बाई विचारते, “अगं, तिचं नाव कसं न्हाई आलं? नवरा मेला म्हून घर बी मेलं का?” वाचन थांबतं. नाव लिहून घेतलं जातं.

वाचून दाखवण्याचं काम इथं नेमकं दिसतं. कागदावर गळालेलं नाव कार्यालयात कुणाला दिसलं नसतं. पारावर ते चौघींच्या एकाच वेळी ध्यानात आलं. मग त्याच बाया भिंतीजवळ जाऊन गवंड्याला विचारू लागतात: आरपार दगड टाकले का? भिंतीभोवती पट्टा फिरवला का? माळवदाची माती किती कमी केली? शाळेची पायरीही न चढलेल्या बायाही भिंत वाचायला शिकतात. आणि तुम्हाला उमगतं की आरपार दगड या बाया स्वतःच आहेत. एका टोकानं त्या सरकारी कागदाला धरून आहेत, दुसऱ्या टोकानं शेडमधल्या बाईला.

पुढं, २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बाया तिथल्या बायकांशी बोलायला गेल्या. भाषा वेगळी, पण कोसळलेली भिंत सारखीच होती. २००४ च्या त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूतही पोचल्या. ज्यांना मदत मिळाली होती, त्याच आता मदत देऊ लागल्या होत्या.

वर्षं पुन्हा सरकतात. आता जमीन हलत नाही, पण भेगाळली आहे. दुष्काळामागून दुष्काळ. सोयाबीन हातचं गेलं, बोअर आटली, २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घरात डाळसुद्धा विकतची आहे. बचत गटात एकत्र आलेल्या बाया घरात एक प्रश्न मांडतात: सगळ्या रानात बाजाराचंच पीक का? मला एक एकर द्या. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, भाजीपाला. बी घरचं, खत घरचं. आधी घरात, मग बाजारात. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांनी ही एक एकराची शेती गावोगावच्या बायकांपर्यंत नेली. त्यांच्या कामावर चित्रकथाही निघाली आहे. या सगळ्या कामासाठी ‘स्वयं शिक्षण प्रयोगा’ला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. सातबाऱ्यावर अशी शेती करणाऱ्या बाईचं नाव बहुतेक घरांत अजून नाही. तरी रानात काय पेरायचं, हे विचारताना आता तिच्याकडं बघितलं जातं.

एका संध्याकाळी तुम्ही अशाच एका गटाच्या बैठकीत बसला आहात. अंगणात सतरंजी, मध्ये पत्र्याची पेटी, पेटीत वह्या. शेकडा दोन रुपये व्याज, आणि ते व्याज गटाच्याच पेटीत. सचिव वही उघडते. पहिलं नाव वाचते ते अध्यक्षेचं: बचत इतकी, कर्ज इतकं, एक हप्ता थकीत. अध्यक्षा मान हलवते, म्हणते, “पुढच्या बैठकीला भरते.” मग बाकीची नावं. एका बाईचे तीन हप्ते राहिलेत. तिचं नाव येतं तेव्हा कुणी तिच्याकडं वळून बघत नाही. शेजारची फक्त विचारते, “दवाखाना सरला का गं?”

तुम्ही या गोष्टीपाशी थांबता, कारण इथं दुखतं. चारचौघांत वाचलेल्या आकड्यानं एखादीची लाजही काढता येते. वसुलीसाठीच बायकांचे गट जमवणाऱ्या कंपन्यांनी ते केलेलं आहे: थकलेल्या बाईच्या दारात बाकीच्यांना नेऊन बसवलं आहे. वाचन तेच, हेतू वेगळा. फरक कशानं पडतो? आधी अध्यक्षेचं नाव आलं म्हणून पडतो. थापटणं सगळ्यांच्या डोक्यावर टेकलं म्हणून पडतो. वही कुणाची हे वाचणारीला आणि ऐकणारीला सारखंच ठाऊक आहे, म्हणून पडतो.

मग कर्जाचे दोन अर्ज. एकीला बियाण्याला हवेत, दुसरीला लेकीच्या बाळंतपणाला. पेटीत दोघींपुरते नाहीत. बराच वेळ कुणी बोलत नाही. बियाणं मागणारी म्हणते, “पाऊस अजून हाय चार दिस लांब. हिला द्या.” तिसरी बाई म्हणते, “माझ्याकडं तुरीचं बी हाय. तू घेऊन जा, पिकल्यावर दे.” सचिव दोन्ही ठराव लिहिते आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवते. त्यानंतर सह्या होतात. एक अंगठाही उठतो. सुप्याच्या रस्त्यावर बघितलेल्या निशाणीसारखाच काळा. फक्त या बाईनं वर काय लिहिलंय ते दोन क्षणांपूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

हात त्रिविक्रमाच्या विटांवरच आहे. ऊन उतरलं आहे. खिशातली नोटीस तुम्ही पुन्हा उघडता. सहकार कायद्यानं सभेची मुदत ३० सप्टेंबर ठरवली आहे, आणि या जिल्ह्यात ती तारीख नुसती मुदत असू शकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचं कलम ३२ प्रत्येक सभासदाला हक्क देतं: संस्थेच्या कार्यालयात जाऊन उपविधी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघण्याचा, तेही विनामूल्य. हक्क आहे, दार आहे. आत जाणारं कुणीतरी हवं.

३० सप्टेंबर. सकाळचे अकरा. सभागृह भरलं आहे, मागं स्वयंपाकाचा वास आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसला आहात. चार दिवसांपूर्वी कार्यालयात जाऊन तुम्ही वह्या बघून आला आहात. व्यवस्थापकानं चहा दिला, हवं ते काढून दिलं. आजवर कुणी मागितलं नव्हतं, एवढंच. विषय क्रमांक एक पुकारला जातो. मागून ‘मंजूर’चा गलका सुरू होतो. तुम्ही उभे राहता. आवाज थोडा कापतो, पारावरच्या त्या बाईचा कापला होता तसा.

“अध्यक्षसाहेब, इथं ‘वाचून कायम करणे’ असं लिहिलंय. वाचून दाखवा. आम्ही बसतो.”

गलका थांबतो. अध्यक्ष चष्मा लावतात, पान उलटतात आणि वाचू लागतात. मागच्या रांगेतला एक म्हातारा नीट ऐकू यावं म्हणून खुर्ची पुढं ओढतो. मग दुसरा.